माझ्या हातून मासा दगावला. ही टोचणी कशी शमवावी?

प्रश्न (जुळे सोलापूर)

गेल्या बुधवारी माझ्या चुकीने आमचा गोल्डफिश दगावला. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या सातव्या वाढदिवसाला आणलेला हा केशर, खाण्याची डबी नुसती वाजवली तरी काचेच्या उजव्या कोपऱ्यात तोंड वर करून थांबत असे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. त्या पहाटे ते आले, तेव्हा मुलगा अक्कलकोटला आजीकडे आहे तोवर टाकी लख्ख करावी या हौसेने मी सगळे पाणी उपसले, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला आणि रबरी नळी थेट टाकीत सोडली. तासाभरात केशर वर येऊन भराभर तोंड उघडू लागला. तो नव्या पाण्यात रमला आहे असे समजून मी त्याचा व्हिडिओ काढून मुलाला पाठवला. दुपारी तो तळाशी आडवा पडलेला दिसला.

तो व्हिडिओ आता पाहवत नाही आणि पुसवतही नाही. रविवारी मुलगा परत येईल. त्याआधी तसाच दुसरा मासा आणून ठेवावा, असे घरात सगळे म्हणतात. मी काय करावे?

प्रतिसाद १

ताई, आधी कारण सांगतो, कारण ते न कळल्यामुळे मन नको तिथे भरकटते. उजनी धरणाचे पाणी क्लोरीन घालूनच नळाला सोडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. आपल्याला ते रोगजंतूंपासून वाचवते, पण माशाचे कल्ले त्याने भाजून निघतात. त्यातच आपला उन्हाळा! २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात वाढलेले असतात. नळाखाली धुतल्याने बहुधा तेही गेले असतील.

पाणी एका वेळी पाव हिस्साच बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा त्यात क्लोरीन निष्प्रभ करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालावेत, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. पहिल्या तासात हे थेंब पडले असते तर केशर कदाचित वाचला असता, हे मी तुमच्यापासून लपवत नाही; पण ती धडपड म्हणजे गुदमरणे आहे, हे कुणी आधी सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही. मलाही ते माझे दोन मासे गेल्यावरच कळले.

प्रतिसाद २

दहा वर्षांच्या मुलाला एवढा तपशील कशाला सांगायचा? उन्हाने गेला म्हणावे आणि विषय संपवावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३

वरील मताशी मी सहमत नाही. लहानपणी आमचा ससा मेला, तेव्हा तो बार्शीला काकांच्या शेतावर सोडला आहे असे मला सांगितले गेले. पुढची दोन वर्षे मी दर दिवाळीला त्याच्यासाठी गाजरे घेऊन जात असे आणि दर वेळी तो रानात गेला आहे असे उत्तर मिळत असे. सशाचे दुःख केव्हाच ओसरले, पण पिशवीतली ती गाजरे पाहून गप्प बसलेली मोठी माणसे मी अजून विसरलेलो नाही. तुमच्या मुलाला जवळ बसवून ‘केशर मेला, मला माहीत नव्हते, चूक माझ्याकडून झाली’ एवढे सांगा. रडू आले तर येऊ द्या. फक्त तुमची समजूत घालण्याचे काम त्याच्यावर पडू देऊ नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही, मग त्याने विचारले, “आई, त्या व्हिडिओत त्याला श्वास घेता येत नव्हता का?” मी हो म्हणाले. तो उठून आत गेला आणि रात्री जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र केशरला कुठे पुरले ते दाखव म्हणाला. आम्ही दोघे जास्वंदीच्या कुंडीपाशी बसलो; त्याने खाण्याच्या डबीतले चार दाणे मातीवर ठेवले.

टोचणी गेलेली नाही, पण आता मी रात्री झोपू शकते. आज पहाटे पाणी आले, तेव्हा त्याने स्वतः उठून एक बादली भरली आणि झाकण न लावता खिडकीपाशी ठेवली. दुसरा मासा आणायचा की नाही, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.