बिडाचा तवा, पाऊस आणि ब्रेक डिस्कवरचे तडे

बोगद्यापलीकडे: परवा रत्नागिरी स्टेशनात बाकावर दोघे छातीठोकपणे सांगत होते की कोकणच्या पावसानेच एलएचबी (जर्मन आराखड्याच्या) डब्यांच्या ब्रेक डिस्क, म्हणजे ज्यांना घासून गाडी थांबते त्या आसावरच्या धातूच्या तबकड्या, तडकतात. तापल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतावं, तसं. मला पटलं नाही. तवा एका फटक्यात जातो. डिस्कवरचे तडे असंख्य वेळा ब्रेक लागल्यावर येतात, आणि कोरड्या चाचणी-यंत्रावरसुद्धा येतात. घासला जाणारा पातळ थर झटक्यात तापतो, आतला धातू तेवढा तापलेला नसतो. थराला फुगायचं असतं, आतला धातू फुगू देत नाही, म्हणून तो चेपला जातो. निवला की तोच थर तोकडा पडतो आणि ताण खातो. असं पुन्हा पुन्हा झालं की आधी केसासारख्या रेषांची जाळी, मग आतून कडेकडे धावणारे तडे. पावसाला कशाला दोष? दोष एकेरी मार्गाचा. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला थांबा, पळा, परत थांबा. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढे काय?

घावणेचटणी: तव्याचा असा हसण्यावारी नेव नकात. आमच्या आवशीचो तवो असोच फुटलो. गाडी वैभववाडीक थांबता, डिस्क तापलेली, वयसून मुसळधार पाऊस. कायच होवचा नाय?

निवृत्त_फिटर: @घावणेचटणी, डिस्क डब्याखाली आसावर बसलेली असते, तव्यासारखं पातेलंभर पाणी तिच्यावर कोणी ओतत नाही. शिवाय पावसाळी वेळापत्रकात वेग कमी असतो, आणि उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. ५० टनांचा डबा ताशी १२० किमीवरून थांबवला तर सुमारे २८ मेगाज्यूल. आठ डिस्कांत वाटली की प्रत्येकीला साडेतीन. ७५ वरून थांबवला तर सगळ्यांत मिळून ११. म्हणजे पावसाळ्यात डिस्कला उलट आरामच!

पण @बोगद्यापलीकडे, एकेरी मार्गाचं तुमचं म्हणणंही ओढूनताणून आहे. कोकण रेल्वेचा चढ १:१५० (दीडशे मीटरला एक मीटर) पेक्षा तीव्र नाही. भोर घाटात तो १:३७ आहे. आणि क्रॉसिंगला चालक आधीपासूनच हळूहळू वेग उतरवत आणतो. उष्णता तेवढीच, पण सावकाश आली की आत मुरायला वेळ मिळतो. पृष्ठभाग आणि गाभा यांतला फरक कमी, ताणही कमी.

बोगद्यापलीकडे: कमी, पण शून्य नाही ना? धातूचा थकवा म्हणजे शेवटी तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांचीच मोजणी. शंभर सौम्य थांबे फुकट जात नाहीत.

निवृत्त_फिटर: फुकट जात नाहीत, पण सगळ्या फेऱ्या एका मापाच्याही नसतात. जोरात लावलेला एक ब्रेक बऱ्याच सौम्य ब्रेकांना भारी पडतो. माझा संशय आधी पॅडवर, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या ठोकळ्यावर, जातो. पॅड सगळीकडे सारखा टेकला नाही तर उष्णता एका पट्ट्यात किंवा ठिपक्यात कोंडते. तिथे निळसर डाग दिसला की मी तडा तिथेच शोधायचो. रेल्वेचं वेळापत्रक नंतर.

सावंतवाडी_अपडाऊन: तुमचं चालू दे. पण जाळी पडलेली डिस्क गाडीखाली ठेवतातच कशाला? तडा दिसला की काढून टाका. माणसं बसलेली असतात वर.

निवृत्त_फिटर: बारीक जाळी ही वापराची खूण. तेवढ्यासाठी काढायची म्हटलं तर रोज डिस्काच बदलत बसावं लागेल. बघायचं ते तडा किती लांब झाला आणि कुठे पोचला. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टेकला की वाद नाही, डबा बाजूला.

सावंतवाडी_अपडाऊन: आणि दोन तपासण्यांच्या मध्ये तो कडेला टेकला तर?

निवृत्त_फिटर: म्हणूनच मर्यादा कडेच्या बरीच अलीकडे ठेवतात. मधल्या काळात वाढेल ते धरून.

घावणेचटणी: आवशीचो तवो मगे पाण्यानच फुटलो ना?

निवृत्त_फिटर: तवा पाण्यानेच फुटला हो.