समुपदेशकाची पात्रता नेमकी कशी पडताळायची?

मदत हवी आहे. धाकट्या बहिणीसाठी समुपदेशक शोधतेय. अनेक देशांत ‘समुपदेशक’ हे नाव कायद्याने राखीव नाही, कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून आधी खात्री करायची आहे.

एकीच्या प्रोफाइलवर मानसशास्त्रातलं एमए, चार प्रमाणपत्रं आणि एका व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व दिसतं. विद्यापीठ खरं आहे, ते तपासलं. एक प्रमाणपत्र मात्र 2 दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं निघालं. संघटनेच्या यादीत नाव सापडलं. पण सदस्यत्व नुसती फी भरून मिळतं की शिक्षण आणि देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास तपासून, हे तिथे लिहिलेलंच नाही. सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने स्वतःच्या कामाबद्दल अनुभवी समुपदेशकाचं नियमित मार्गदर्शन घेणं. ‘सुपरव्हिजन कुणाकडे घेता?’ असं मेसेज करून विचारलं, तर उत्तर आलं, ‘15 वर्षांचा अनुभव आहे.’ मला ते खटकलं.

औषधांचा प्रश्न नाही, समुपदेशन मानसोपचारतज्ज्ञांनीच सुचवलंय. बहीण मोठ्या मुश्किलीने तयार झालीय. पहिलाच अनुभव वाईट आला तर ती पुन्हा कुणाकडे जाणार नाही.

या क्षेत्रात असलेल्यांना विचारते: संघटनेला नेमकं काय विचारलं म्हणजे सदस्यत्वाचं वजन कळेल? आणि सुपरव्हिजनचा प्रश्न टाळणाऱ्या समुपदेशकाकडे तुम्ही आपल्या घरच्या माणसाला पाठवाल का?