घरपट्टी घेतली म्हणजे नदीतलं बांधकाम अधिकृत झालं का?

निळी_रेषा:
दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय, "ज्या महापालिकेने घरपट्टी घेतली तिला घर पाडायचा हक्क नाही, चिखलीत झाला तो दरोडाच." वाचून डोकं फिरलं म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले, राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, जुलै २०२४ मध्ये सांगितलं की पाडा आणि पर्यावरणाच्या नुकसानीचे ५ कोटी वसूल करा, लोक सुप्रीम कोर्टात गेले, तिथेही काही टिकलं नाही, मग १७ मे २०२५ ला बंगले पाडले. यात दरोडा कुठाय? २५ वर्षांतून एकदा तिथे पाणी चढणार हे गृहीत धरूनच ती रेषा मारलेली असते. भराव टाकला तरी पाणी यायचं राहत नाही, ते समोरच्या काठावर नाहीतर खालच्या कुणाच्या तरी घरात शिरतं. नदीकाठचं विनापरवाना बांधकाम काढायचा अधिकार पालिकेला असलाच पाहिजे, आणि तो पाया खोदतानाच वापरला पाहिजे.

गुंठेवाला:
पाया खोदतानाच म्हणता ना, मग तेव्हा का नाही वापरला? बंगला एका रात्रीत होत नाही. भरावाचे डंपर येतात, बोअर पडतो, स्लॅब पडतो, लाइटचं मीटर बसतं, वास्तुशांत होते, एवढं सगळं होईपर्यंत पालिकेच्या बीट निरीक्षकाला काहीच दिसत नाही? माझ्या मावसभावाने असाच एक गुंठा घेतला, गाव सांगत नाही. खरेदीखत रजिस्टर, स्टँप ड्युटी भरलेली, सातबाऱ्यावर सामाईकात नाव, वर पतपेढीचं कर्ज. एजंटने पूररेषेचा विषयसुद्धा काढला नाही. आता नोटीस आलीय आणि एजंटचा फोन बंद. माणूस कंपनीत ओव्हरटाइम करून हप्ते भरतोय आणि तुम्ही कलमं सांगताय.

सरिता७:
गुंठेवाले दादा, तुमच्या भावाचं वाईट वाटतं, पण आमचंही ऐका. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला नदीकाठी राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे पार्किंगमधून पाणी घरात आलं, सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलं. फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळा चिखल. आमच्या सोसायटीला रीतसर परवानगी आहे. धरणातून विसर्ग वाढला की नदी पसरणार, आणि पसरायला जागाच ठेवली नाही तर ती आमच्याकडेच येणार ना? वरच्या अंगाला कुणी भराव टाकून लॉन केलं, कुणी शेड मारली, ते काढा म्हटलं की लगेच गरीब आठवतो. लॉनवाला कुठला गरीब?

कोर्टकचेरी:
दोन मुद्दे. एक, कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. महापालिका अधिनियमाच्या २६७ अ मध्येच लिहिलंय की अनधिकृत बांधकामाला घरपट्टीच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावता येते, पण ती वसूल केली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. दोन, बुलडोझरने घरं पाडण्याबद्दलचा १३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल जो तो दाखवत फिरतोय, त्यात पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस सांगितलीय, खरंय. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइन, नदी, जलाशय इथल्या सार्वजनिक जागेवरचं अनधिकृत बांधकाम आणि जिथे कोर्टाचाच पाडायचा आदेश आहे ती प्रकरणं त्यातून वगळलीत. अर्धा निकाल वाचून पोस्टी टाकू नका.

गुंठेवाला:
म्हणजे दुप्पट पैसे घ्यायचे आणि वर पाडायचं पण! ही तर खंडणी झाली. आणि सार्वजनिक जागा म्हणताय, भावाचा गुंठा खाजगी आहे, सातबारा आहे त्याचा.

जुना_करदाता:
शास्तीचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ ला शास्ती माफ झाली. माफ कुणाची, तर थकवणाऱ्यांची. ज्यांनी दागिने मोडून वेळेवर भरली त्यांचं काय? यातून लोक काय शिकले, बांधा, थकवा, निवडणूक आली की माफ. नदीकाठी प्लॉट घेणारा हाच हिशोब करतो की आज ना उद्या नियमित होईल.

निळी_रेषा:
जुना_करदाता, शास्तीसाठी वेगळा धागा काढा ना, नदीचा विषय राहतोय.

जुना_करदाता:
वेगळा नाही, हाच विषय आहे! माफीची सवय लावली म्हणून तर लोक पूररेषेत घुसले. तुम्हाला फक्त पाडलेलं दिसतं.

गुंठेवाला:
भाऊ काही हिशोब करून गेला नव्हता, तोंड सांभाळून बोला. आणि सरकार, पालिका स्वतः काय करतात? पुण्यात मुठेच्या पात्रातून मेट्रो १.७ किलोमीटर गेली. नदीसुधार प्रकल्पाच्या नावाखाली काठ बांधून काढतायत. आमच्या भिंतीने पूर येतो आणि त्यांच्या खांबांनी येत नाही का?

सरिता७:
तो राग माझाही आहे. नदीत खांब नकोत हेच माझंही म्हणणं. पण त्यांनी एक चूक केली म्हणून तुम्ही दुसरी करणार आणि पाणी आमच्या घरात?

निळी_रेषा:
मेट्रोचं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि हेही मान्य की स्लॅब पडेपर्यंत गप्प बसलेल्या अधिकाऱ्याला काहीच झालं नाही तर ही कारवाई अर्धीच. पण म्हणून बंगले राहू द्यायचे हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

गुंठेवाला:
राहू द्या असं मी कुठे म्हटलं? पाण्यात भावाची पोरं राहावीत असं मलाही वाटत नाही. जागा सोडायला सांगा, पण ज्याने विकलं त्याच्याकडून पैसे वसूल करून द्या. ५ कोटी दंड पर्यावरणाला, घेणाऱ्याला काय?

कोर्टकचेरी:
विकणाऱ्यावर फसवणुकीचा गुन्हा आणि वसुलीचा दावा दोन्ही करता येतात, भावाला खरेदीखत आणि पैसे दिल्याचे बँक एंट्रीचे कागद घेऊन आधी वकिलाकडे पाठवा. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, जागा पूररेषेत आहे का हे तो बघत नाही. त्यामुळे मागणीच करायची तर ही करा, की निळ्या रेषेतल्या प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात तशी नोंद घाला. नकाशे जलसंपदा आणि पालिकेकडे आहेतच.

गुंठेवाला:
ही नोंद आधी असती तर भावाने घेतलाच नसता. बाकी तुमचं काही पटलेलं नाही. कागद गोळा करायला सांगतो त्याला.