काळ्या मातीत सुपर्ब

पुढची चाकं ओढणारी, स्कोडा सुपर्बसारखी सेडान गावाकडे निकामी, असं या चर्चेत एका भाऊंनी लिहिलंय, ते पटलं नाही. दुसऱ्या पिढीच्या सुपर्बचं डिझेल इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच. डिक्की रिकामी असताना मागून ढकलणारी सेडान चिखलात आधी सरकते, ही नाही. अडतं ते पोट! पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2761 मिमी, त्यामुळे पांदण रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा बरोबर मधोमध घासतो. 140 पीएस ताकद, 320 न्यूटन-मीटर टॉर्क तिथे काय कामाचे?

इथे कोणी लिहिलं नाही ते म्हणजे ड्राइव्ह शाफ्टची रबरी बुटं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरची, आत ग्रीस धरून ठेवणारी रबरी टोपणं. कापसाची वेचणी झाल्यावर पऱ्हाटी कापतात, तिची खुंटं जमिनीत तिरपी, टोकदार उरतात. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लावायची म्हणून गाडी वावरात घातली की त्यातलं एखादं बूट चिरतं. लगेच काही कळत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर समजायचं. तेव्हाच नवं बूट आणि ग्रीस टाकलं तर थोडक्यात भागतं. तसंच चालवत राहिलं तर माती सांध्यात जाते, मग पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कटकट आवाज, आणि अख्खा सांधाच बदलायची पाळी. यवतमाळकडे जुनी सुपर्ब घ्यायला निघालात तर बोनेट नंतर उघडा, आधी खाली वाकून तेवढं बघा.