मदत हवी आहे: किडनी प्रत्यारोपणानंतर शिफ्ट ड्युटीत टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची) वेळ कशी सांभाळता?

धाकटा भाऊ, वय 34. आईची किडनी बसवून तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात क्रिएटिनिन (रक्तातलं हे प्रमाण वाढलं की किडनीचं काम मंदावलंय असं समजतात) 1.3 वरून 2.1 वर गेलं. बायोप्सीत अँटीबॉडीमुळे होणारं रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) निघालं, रक्तात आईच्या किडनीविरुद्धच्या अँटीबॉडीही (डीएसए) सापडल्या. प्लाझ्माफेरेसिस (रक्तातल्या अँटीबॉडी काढून टाकणं) आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन) झालं, आता क्रिएटिनिन 1.7 आहे.

कारण आम्हाला कळलंय. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी 3.1, म्हणजे कमी, आली होती. गोळ्यांचा डबा उघडला तर रात्रीचे सहा खण भरलेले. मुद्दाम नाही केलं त्याने. कारखान्यात दर आठवड्याला शिफ्ट बदलते, आत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे अलार्मचा उपयोग नाही. त्याला ओरडून काही होणार नाही, म्हणून तसे सल्ले कृपया नकोत. औषधं फुकट मिळतात, पैशाची अडचण नाही. रिजेक्शन रोखणारी मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही औषधंही चालू आहेत.

सकाळ-रात्री 9 ची वेळ करून पाहिली, पण नाइटला तो नेमका लाइनवर असतो आणि दिवसा त्या वेळी झोपलेला. डोस मनाने पुढेमागे करायचा नाही, हे पक्कं ठरलंय.

गुरुवारी नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचंय. दिवसातून एकदाच घ्यायच्या टॅक्रोलिमसबद्दल विचारणार आहोत. तुमच्यापैकी कुणी रिजेक्शननंतर त्यावर गेलंय का? पातळी स्थिर व्हायला किती दिवस लागले, आणि फिरत्या शिफ्टमध्ये कोणती वेळ जमली?