सोलापुरात छोटा हरित पक्ष: टास्मानियाचा दाखला कितपत लागू पडतो?

होटगीकर: सिद्धेश्वर तलाव, उजनीचं पाणी, नान्नजचं माळरान या विषयांवर महापालिका लढवणारा पक्ष काढायची चर्चा आमच्या गटात चालू आहे. जगातला पहिला हरित पक्ष ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातला म्हणतात. तो कसा उभा राहिला? आणि इथे नोंदणीला काय लागतं? आपला प्रभाग चार सदस्यांचा, म्हणजे थोड्या मतांवरही एखादी जागा निघेल ना?

माळरान: नान्नज महापालिकेच्या हद्दीत नाही, तो विषय जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी ठेवा.

टास्मानियात जलविद्युत प्रकल्पासाठी पेडर सरोवर बुडवायला दोन्ही मोठ्या पक्षांची संमती होती. म्हणजे प्रकल्पाच्या विरोधकांना मत द्यायला कुणी उरलंच नाही. म्हणून 23 मार्च 1972 ला होबार्टच्या टाउन हॉलमधल्या सभेत 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' स्थापन झाला. अध्यक्ष रिचर्ड जोन्स. महिन्याभरात, 22 एप्रिलला, राज्याच्या निवडणुकीचं मतदान. मतं पडली 3.9 टक्के, जागा शून्य. सरोवर बुडालंच. पक्ष 1976 नंतर विरला, पण 1975 ला त्याच्याच तिकिटावर सिनेट (देशाच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह) लढवलेले बॉब ब्राउन 1983 मध्ये राज्याच्या विधानसभेत पोचले.

यात मुद्द्याइतकाच मतमोजणीचा वाटा आहे. तिथे एका मतदारसंघातून सात जण मतांच्या प्रमाणात निवडले जात, त्यामुळे साधारण 12.5 टक्क्यांना एक जागा. 1998 ला सातच्या पाच केल्या, उंबरठा 16.7 वर गेला आणि हरित आमदार चारावरून एकावर आले.

नियमावली: आता नोंदणी. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 29 अ. स्थापनेपासून 30 दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज, 10,000 रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, किमान 100 सदस्य, सगळे मतदार यादीतले. पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही यांवरील निष्ठेचं कलम हवंच. पाच वर्षांत निवडणूक लढवू, हेही. मग वर्तमानपत्रांत जाहीर सूचना आणि हरकतींची मुदत.

अर्ज अडतो तो बहुधा किरकोळ गोष्टींवर: यादीतलं नाव आणि प्रतिज्ञापत्रातलं नाव जुळत नाही, सदस्य आधीच दुसऱ्या पक्षात असतो, किंवा पहिल्या बैठकीचं इतिवृत्त जुन्या तारखेचं असल्याने 30 दिवस उलटलेले असतात. स्थापनेचा ठराव कागदपत्रं गोळा झाल्यावरच करा. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते, हे बरेच जण विसरतात. आणि नुसती पाटी लावून बसू नका: सहा वर्षं एकही निवडणूक न लढवल्याबद्दल ऑगस्ट 2025 मध्ये 334 पक्ष यादीतून काढले गेले.

माळरान: होटगीकर, चार सदस्यांबद्दलचा तुमचा हिशेब मात्र चुकतोय. आपल्याकडे अ, ब, क, ड या चार वेगळ्या लढती आहेत, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं आणि प्रत्येकीत सर्वाधिक मतांचा एकच विजयी. चारही ठिकाणी 13 टक्के मिळाले तरी हाती भोपळाच. टास्मानियात तेवढ्यात एक जण निवडून आला असता. सगळं शहर घेऊ नका. तलावाकाठचा एकच प्रभाग धरा आणि तिथेही ज्या जागेवर ओळखीचा उमेदवार आहे, तीच लढवा.

होटगीकर: मग आधी अपक्ष उतरलो तर?

नियमावली: चालेल, एकच उमेदवार असेल तर. दोघे-तिघे असले की प्रत्येकाचं चिन्ह वेगळं पडू शकतं आणि पॅनेल म्हणून प्रचार करणं अवघड होतं.