मारवा कळतो, मग गायतोंडे यांचे चित्र का कळत नाही?

प्रश्न : श्रोता, ठाणे

गेली पंचवीस-तीस वर्षे मी शास्त्रीय संगीत नियमितपणे ऐकत आलो आहे. गाणे शिकलेलो नाही, परंतु बरेचसे राग ओळखता येतात, आणि एखाद्या संध्याकाळी ऐकलेला मारवा पुढे चार दिवस मनात रेंगाळत राहतो. मागील महिन्यात मुंबईतील एका प्रदर्शनात वासुदेव गायतोंडे यांचे एक मोठे, उभे तैलचित्र मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिले. पिवळ्या आणि गेरूच्या जवळ जाणाऱ्या छटा, त्यांत मधूनच उमटलेल्या आणि पुन्हा विरघळून गेलेल्या काही खुणा, एवढेच मला दिसले. चित्राला शीर्षक नव्हते. पाचेक मिनिटे मी उभा राहिलो. रंग सुखद वाटले, परंतु त्यापलीकडे मनात काही हलले नाही. सोबत आलेल्या मुलीने ‘बाबा, हे कशाचे चित्र आहे?’ असे विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही.

रागही कशाचे चित्र नसतो, तरी तो मला भिडतो. मग अमूर्त चित्रासमोरच मी असा कोरा का राहतो? अशा चित्राकडे जाण्यापूर्वी त्याविषयी वाचावे, की आधी नुसते पाहावे?

उत्तर १ : रंगलेप

मी चित्रकला शिकलो आहे आणि शिकवतोही, परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तुमच्याच मारव्यात सापडते.

मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत कोमल रिषभ (उतरलेला रे) आणि तीव्र मध्यम (चढवलेला म) आहेत आणि तिन्हींत पंचम (प) वर्ज्य आहे, तो लागतच नाही. म्हणजे सामग्री एकच. तरीही तुम्ही या तिघांत गल्लत करत नाही, कारण मारवा रिषभ-धैवतावर (रे-ध) तोलला जातो, पूरिया गंधार-निषादावर (ग-नी) विसावतो आणि सोहनी तार षड्जाच्या (वरच्या सा) आसपास खेळते. मारव्यात गायक षड्जाला बराच काळ दूर ठेवतो, आणि त्या टाळण्यातून जी हुरहूर निर्माण होते तीच तुम्हाला चार दिवस सोडत नाही. हा कोमल रिषभ ‘कशाचा’ आहे, असे तुम्ही कधी विचारले आहे का? तुमचे लक्ष वजन कुठे आहे, विसावा कुठे मिळतो आणि कुठे नाकारला जातो, याकडे असते.

गायतोंडे यांच्या चित्राला हेच प्रश्न विचारून पाहा. नजर प्रथम कुठे जाते? तिथे टिकते की घसरते? पिवळा रंग वर आणि खाली सारख्याच वजनाचा वाटतो का? त्या खुणा पृष्ठभागावर तरंगतात की आतून वर येतात? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याचा संबंध त्यांच्या कामाच्या पद्धतीशी आहे. ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावण्याची पातळ सुरी) वापरून रंगाचे थर देत, काही भाग खरवडून काढत आणि फाडलेल्या कागदाच्या तुकड्यांच्या साहाय्याने आकार उमटवत. त्यामुळे खालचा थर वरच्या थरातून झिरपल्यासारखा दिसतो. स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेही त्यांना मान्य नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द ते पसंत करत. एखाद्या वस्तूपासून सुरुवात करून ती पुसट करत नेणे, हा त्यांचा मार्ग नव्हताच. तेव्हा ‘हे कशाचे चित्र आहे?’ या मुलीच्या प्रश्नाला ‘कशाचेही नाही, आणि तसे ते ठरवूनच केलेले आहे’ हे पूर्ण प्रामाणिक उत्तर ठरले असते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. विलंबित ख्यालाला, म्हणजे संथ लयीतील गायनाला, तुम्ही पाऊण तास देता. पहिल्या पाच मिनिटांत तर गायक अजून मंद्रातच, म्हणजे खालच्या सुरांतच, असतो. चित्राला पाच मिनिटे पुरतील, असे आपण कशावरून धरून चालतो? आधी पाहा, पुष्कळ वेळ पाहा, आणि वाचन नंतर करा.

उत्तर २ : लेणीवाचक, उरण

वरील उत्तरातील मारव्याचे विवेचन मला अतिशय आवडले, मात्र ‘आधी पाहा, नंतर वाचा’ हा सल्ला सरसकट स्वीकारता येणार नाही. प्रश्नकर्त्यांचे कान तीस वर्षांत तयार झालेले आहेत. निवेदकांकडून, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरून, शेजारी बसलेल्या जाणकारांकडून त्यांनी कितीतरी माहिती नकळत घेतली असेल. ती आता माहिती म्हणून वेगळी जाणवत नाही, इतकेच.

घारापुरीचे उदाहरण घ्या. तेथील मुख्य लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीचे, तीन मुखे दिसणारे प्रचंड शिल्प आहे. कित्येक पर्यटक ते ब्रह्मा-विष्णू-महेश समजून पाहतात आणि तसेच समजून परततात. वास्तविक ती तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताला भुवया आक्रसलेले, मिशा असलेले अघोर मुख आहे आणि त्याच्याजवळच्या हातात साप आहे. उजवीकडे कमळ धारण केलेले कोमल मुख आहे, आणि मधले मुख मिटल्या डोळ्यांचे, कशातही न गुंतलेले आहे. तीन वेगळे देव समजून पाहिले तर आपण तीन चेहऱ्यांची तुलना करत राहतो. एकच देव आहे हे कळल्यावर मात्र नजर खांद्यांकडे आणि गळ्याकडे उतरते आणि उग्रता व मार्दव एकाच देहातून कसे फुटले आहेत ते दिसू लागते. मग डावीकडचा अर्धनारीश्वर आणि उजवीकडचा गंगाधर हे पटही सुटे राहत नाहीत. दगड तोच राहतो, परंतु माहितीमुळे पाहणे बदलते.

म्हणून माझे मत असे की, एखादी कलाकृती एखाद्या कथेवर, विधीवर किंवा श्रद्धेवर उभी असेल, तर ती कथा जाणून न घेता पाहणे हा तिच्यावर अन्याय आहे. गायतोंडे यांच्या चित्रामागे अशी कथा नाही, एवढ्यापुरते मी ‘रंगलेप’ यांच्याशी सहमत आहे.

उत्तर ३ : डहाणूकर

लेणीवाचक यांच्या म्हणण्याला आमच्या भागातील एक पुरावा जोडतो. वारली चित्रे आता पिशव्यांवर आणि कपांवर सर्वत्र दिसतात आणि लोक त्यांना सजावट मानतात. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाणारा चौक ही मात्र सजावट नव्हे. तो सवाष्णी लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. तिथे ‘चित्र सुंदर आहे का?’ हा प्रश्नच दुय्यम ठरतो. देवी येऊन बसली का, हे महत्त्वाचे असते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आणली तेव्हा तिला नवे प्रेक्षक मिळाले, आणि कागदावरचे चित्र नुसते चित्र म्हणून पाहण्यात काही गैर नाही. परंतु लग्नघराची भिंत आणि दिवाणखान्यातील चौकट या दोहोंना एकच मोजमाप लावू नये.

प्रश्नकर्ता : श्रोता, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रदर्शन संपण्यापूर्वी काल पुन्हा जाऊन आलो आणि समोरच्या बाकावर जवळजवळ पाऊण तास बसलो. पहिली पंधरा-वीस मिनिटे मन सारखे इकडेतिकडे जात होते. नंतर लक्षात आले की, चित्राच्या खालच्या भागातील जो पट्टा मी गडद रंगाचा समजत होतो तो वरून लावलेला नाही. तिथे वरचा पिवळा खरवडलेला आहे आणि खालचा थर उघडा पडला आहे. ते दिसल्यावर नजर पुन्हा पुन्हा तिथेच येऊ लागली, आणि वरच्या मोकळ्या पिवळ्यात मात्र ती कुठेच ठरेना. हे मारव्यासारखे आहे असे म्हणण्याचे धाडस मी अजून करणार नाही. मुलीला तो पट्टा दाखवला. ती जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने विचारले, ‘आधी कोणता रंग लावला असेल?’ त्यानंतर आम्ही दोघेही थर मोजत बसलो.